न पाहिलेलें इंजिन

ऑक्टोबर २०२१ मधील गोष्ट आहे. महामारीमुळें दीड वर्ष ओस पडलेले आमचे वर्ग त्या महिन्याच्या ४ तारखेस पुन्हां उघडले होते. इतक्या दिवसांनीं एकत्र जमलेलीं मुलें एकमेकांस काय बरें सांगत असतील, अशा कुतूहलानें मधल्या सुटींत आम्ही नववीच्या वर्गांत डोकावलों, तों तेथें वादाचें रण माजलेलें! वादाचा विषय मात्र आमच्या कल्पनेबाहेरचा होता. अमेरिकेंतील शेव्हर्ले कंपनीची 'कॉर्व्हेट' नांवाची एक वेगवान मोटार आहे. तिचा 'झेड-०६' हा नवा प्रकार त्या महिन्याच्या अखेरीस प्रकट व्हावयाचा होता. त्यांत इंजिन कोणतें असेल, एवढ्यावरून दोन तट पडले होते!

एक म्हणे, टर्बो असणारच. दुसरा म्हणे, जुनेंच इंजिन थोडें वाढवून बसवितील. तिसऱ्यानें तर अश्वशक्तीचा आंकडाहि छातीठोकपणें सांगून टाकिला. "तुला हें कोणीं सांगितलें?" असें आम्हीं विचारतांच, "सर, सगळेच म्हणतात," एवढेंच उत्तर मिळालें. ती मोटार आमच्या गांवच्या रस्त्यावर कधीं काळीं दिसेल असा संभव नाहीं, आणि वाद घालणाऱ्यांपैकीं कोणाच्या घरीं साधी मोटारहि नव्हती. आम्ही हंसलों आणि घंटा झाल्यावर भूमितीकडे वळलों.

त्याच आठवड्यांत प्रार्थना-मंदिरांतील पेटीजवळ एक मुलगा बसलेला आम्हांस आढळला. एका हातानें तो भाता हलवीत होता, दुसऱ्या हाताच्या बोटानें एकच पट्टी दाबून धरीत होता, आणि मोबाइल त्यानें मान व खांदा ह्यांमध्यें अडकवून कानाशीं धरिला होता. पदार्थविज्ञानांत त्याचे गुण नेहमींच बेताचे. "पेटी भजनासाठीं आहे, खेळावयास नव्हे," असें आम्हीं त्यास कांहींशा कठोरपणें सुनाविलें. तो मुकाट्यानें उठून गेला. आमचें चुकलें होतें, हें आम्हांस पुढें कळलें. तें कसें, हें सांगण्यापूर्वीं त्या मोटारीच्या इंजिनाची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे.

प्रथम हें लक्षांत घ्या कीं, न पाहिलेल्या वस्तूविषयीं बोलणें ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि असला पाहिजे, हें आपल्याकडील तर्कशास्त्राचें अगदीं पहिलें उदाहरण. अग्नि कोणीं पाहिलेला नसतो. पाहिलेला असतो तो धूर. धूर आणि अग्नि ह्यांचा संबंध पक्का असल्यामुळें न पाहिलेल्या अग्नीचें ज्ञान होतें. ह्यास अनुमान म्हणतात. परंतु धूर न पाहतांच जो 'अग्नि आहे' म्हणतो, त्याचें बोलणें खरें ठरलें तरी तें अनुमान नव्हे. तो नुसता तर्कट होय.

अशा तर्कटाचें उदाहरण ह्याच मोटारीच्या इतिहासांत आहे. कॉर्व्हेट प्रथम निघाली १९५३ सालीं. तेव्हां तिच्यांत सहा सिलिंडरांचें इंजिन असे. १९५५ पासून आठ सिलिंडरांचें आलें. तें असे मोटारीच्या पुढल्या भागांत. कंपनीचे नामांकित अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह ह्यांच्या मनानें मात्र घेतलें होतें कीं, इंजिन चालकाच्या पाठीमागें असावें. म्हणजे चाकांवरील भार अधिक चांगला वांटला जातो. १९६० सालीं त्यांनीं तशी एक प्रयोगाची गाडी करूनहि दाखविली. झालें! तेव्हांपासून 'पुढील कॉर्व्हेटचें इंजिन मागें असणार' ही वार्ता जी उठली ती कांहीं केल्या विझेना. १९७३ सालीं चार रोटरांच्या वँकेल इंजिनाची एक कॉर्व्हेट प्रदर्शनांत झळकली, आणि शौकिनांस वाटलें, हीच ती. परंतु तीहि विक्रीस आली नाहीं. आर्कस-डंटोव्ह १९७५ सालीं निवृत्त झाले, १९९६ सालीं वारले, तरी इंजिन पुढेंच राहिलें. शेवटीं १८ जुलै २०१९ रोजीं आठव्या पिढीची कॉर्व्हेट प्रकट झाली, आणि तिचें इंजिन खरोखरच चालकाच्या मागें होतें!

आतां, जो मनुष्य सुमारें साठ वर्षें दरसाल हेंच भाकित करीत आला, तो २०१९ मध्यें बरोबर ठरला म्हणून त्यास जाणता म्हणावें काय? कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली, एवढेंच. भाकित खरें ठरणें निराळें, आणि तें करण्यास आधार असणें निराळें. झेड-०६ च्या बाबतींत मात्र आधार होता, आणि तो चांगला भरभक्कम होता. तो समजण्यासाठीं इंजिनाच्या पोटांत शिरूं.

मोटारीच्या इंजिनांत सिलिंडर म्हणजे एक पोकळ नळकांडें असतें, आणि त्यांत दट्ट्या वरखालीं सरकतो. पेट्रोलाची वाफ आणि हवा ह्यांचें मिश्रण आंत ओढून घेणें, तें दाबणें, ठिणगीनें पेटविणें आणि जळलेला वायु बाहेर टाकणें, अशीं चार कामें तो क्रमानें करितो. दट्ट्याची ही वरखालीं होणारी हालचाल ज्या दांड्यास फिरविते त्याचें नांव क्रँकशाफ्ट. तो सरळ नसून त्यास कोपरे पाडलेले असतात. सायकलीचें पायडल जसें पायाच्या वरखालीं होण्यानें चाक फिरवितें, तसाच हा प्रकार. ह्या दांड्याचे दोन फेरे झाले म्हणजे प्रत्येक सिलिंडरांत एकदां स्फोट होतो. आठ सिलिंडर असल्यास दोन फेऱ्यांत आठ स्फोट, म्हणजे एका फेऱ्यांत चार. हा चाराचा आंकडा ध्यानांत ठेवा. पुढें त्याचें काम आहे.

हे आठ सिलिंडर चारचारांच्या दोन ओळींत बसविलेले असतात, आणि दोन ओळींमध्यें काटकोन असतो. समोरून पाहतां इंग्रजी 'व्ही' अक्षराची आकृति दिसते, म्हणून ह्यास 'व्ही-आठ' म्हणतात. क्रँकशाफ्टला चार कोपरे असतात, आणि प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही ओळींतील एकेक दट्ट्या जोडलेला असतो. हे चार कोपरे कोणत्या दिशांस काढावे, येथेंच सारी मख्खी आहे.

पहिली रीत अशी कीं, दोन कोपरे वर आणि दोन खालीं ठेवावे. सायकलीचीं दोन पायडलें जशीं एकमेकांच्या नेमक्या उलट दिशेस असतात, तसेंच हें. टोंकाकडून पाहिल्यास चारहि कोपरे एकाच रेषेंत दिसतात. ह्यास सपाट क्रँकशाफ्ट म्हणूं. दुसऱ्या रीतींत चार कोपरे चार दिशांस असतात. टोंकाकडून पाहिल्यास अधिक चिन्हाची आकृति दिसते. ह्यास चौफुलीचा क्रँकशाफ्ट म्हणूं. बाहेरून पाहतां इंजिन तेंच. परंतु आवाजांत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

तो फरक आपण तालावरून समजून घेऊं. केरव्याच्या आठ मात्रा तुम्हां सर्वांस ठाऊक आहेत. इंजिनाचे आठ स्फोट ह्या आठ मात्रांवर पडतात असें समजा. मात्रा दोन्ही इंजिनांत अगदीं सारख्या अंतराच्या आहेत. भेद आहे तो कोणती मात्रा कोणत्या ओळीनें वाजवावी ह्यांत. सपाट क्रँकशाफ्टमध्यें डावी ओळ १, ३, ५, ७ ह्या मात्रा वाजविते, आणि उजवी २, ४, ६, ८. एक ह्या हातानें, एक त्या हातानें. साध्या कॉर्व्हेटच्या चौफुलीच्या इंजिनांत मात्र डाव्या ओळीकडे १, ३, ६, ८ आणि उजवीकडे २, ४, ५, ७ ह्या मात्रा येतात. टेबलावर दोन हातांनीं हें वाजवून पाहा. दोन्ही हात मिळून ठेका सरळच आहे, परंतु प्रत्येक हात निराळा ऐकला तर तो लंगडत चालल्यासारखा वाटतो. जळलेला वायु बाहेर नेणाऱ्या नळ्या प्रत्येक ओळीस निराळ्या असतात. त्यामुळें हा लंगडा ठेकाच कानीं पडतो. अमेरिकन व्ही-आठ मोटारींची ती प्रसिद्ध घोगरी, गडगडणारी गुरगुर निघते ती येथून. उलट सपाट क्रँकशाफ्टच्या प्रत्येक नळींतून एकसारखे ठोके येतात, आणि वेग वाढला कीं त्यांची एक अखंड, चढी, तीक्ष्ण तान होते. इटलीच्या फेरारी मोटारींतील आठ सिलिंडरांच्या इंजिनांचा आवाज ह्याच जातीचा.

मग सर्वच कारखाने सपाट क्रँकशाफ्ट कां घालीत नाहींत? ह्याचें कारण थरथर. दट्ट्या वरच्या टोंकाजवळ असतांना ज्या त्वरेनें दिशा बदलतो, त्या त्वरेनें खालच्या टोंकाजवळ बदलत नाहीं. म्हणून दोन दट्ट्ये वर आणि दोन खालीं असे जोडले तरी त्यांचे धक्के पुरते फिटत नाहींत. थोडी बाकी राहते, आणि ती इंजिनास दर फेऱ्याला दोनदां हलविते. चौफुलीच्या रचनेंत ही बाकी आपोआप फिटते. मात्र तिच्या क्रँकशाफ्टला तोल सांभाळण्यासाठीं जड वजनें लावावीं लागतात. सपाट क्रँकशाफ्ट हलका असतो, म्हणून तो चटकन वेग घेतो, पण थरथरतो. शेव्हर्लेच्याच घराण्यांतील कॅडिलॅक मोटारीचें १९१४ सालचें पहिलें व्ही-आठ इंजिन सपाट क्रँकशाफ्टचेंच होतें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. प्रवाशांस थरथर नकोशी झाली, म्हणून १९२३ मध्यें कॅडिलॅकनें चौफुलीची रचना स्वीकारली, आणि अमेरिकेंत पुढें तीच रूढ झाली.

इतकी तयारी झाल्यावर आतां २०२१ च्या वादाकडे वळूं. शौकिनांच्या हातांत पहिला धागा आला तो शर्यतीच्या मैदानांतून. नव्या कॉर्व्हेटची शर्यतीची गाडी २०१९ च्या ऑक्टोबरांत दाखविण्यांत आली, आणि जानेवारी २०२० मध्यें डेटोना येथील चोवीस तासांच्या शर्यतींत ती धांवली. साध्या कॉर्व्हेटचें इंजिन ६.२ लिटरांचें, हिचें ५.५ लिटरांचें. आणि जिनें पिढ्यान् पिढ्या घोगऱ्या आवाजांत गुरगुरावें, ती कॉर्व्हेट आतां चढ्या स्वरांत किंचाळूं लागली होती. जाणत्यांनीं ताडलें कीं, क्रँकशाफ्ट सपाट आहे. आणि विकावयाच्या झेड-०६ मध्येंहि हेंच इंजिन येणार.

ह्यावर शंकेखोरांनीं आक्षेप घेतला, आणि तो विचार करण्यासारखा होता. ते म्हणत, ५.५ लिटर ही त्या वर्गाच्या शर्यतींतील टर्बोवांचून चालणाऱ्या इंजिनांची कमाल मर्यादाच आहे. मागच्या पिढीची शर्यतीची कॉर्व्हेटहि ५.५ लिटरांचीच होती, पण विकावयाच्या गाडींत तें इंजिन कधीं आलें नाहीं. तेव्हां ह्या आंकड्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं! आक्षेप खरा होता. म्हणून अनुमान करणाऱ्यांस आंकडा सोडून रचनेकडे वळावें लागलें. मागच्या गाडीचें इंजिन जुन्याच बांधणीचें होतें. नव्या इंजिनांत झडपा उघडणारे दांडे सिलिंडरांच्या डोक्यावर, आणि क्रँकशाफ्ट निराळ्या जातीचा. म्हणजे इंजिन मुळापासून नवें. असें इंजिन घडविण्यास अपार खर्च येतो. मूठभर शर्यतीच्या गाड्यांसाठीं तेवढा खर्च कोण करील? तें विकावयाच्या मोटारींत घालण्याचा बेत असलाच पाहिजे. पाहा, विरोधकाच्या आक्षेपानें अनुमान मोडलें नाहीं. उलट कच्चा आधार गळून पक्का आधार हातीं आला. वर्गांतील वादांत आम्हांस नेमकें हेंच कोठें आढळलें नव्हतें.

दुसरा धागा प्रत्यक्ष आवाजाचा. परीक्षेसाठीं रस्त्यावर काढलेल्या नव्या मोटारींस कारखाने काळ्यापांढऱ्या नक्षीचें वेष्टण घालितात, म्हणजे आकार ओळखूं येऊं नये. पण आवाजास बुरखा घालतां येत नाहीं. रस्त्याच्या कडेस उभ्या राहिलेल्या शौकिनांनीं तो टिपला. आणि पुढें २०२१ च्या उन्हाळ्यांत कंपनीनेंच तो थोडासा ऐकविला. टर्बो असता तर जळलेला वायु त्याच्या पात्यांतून फिरून बाहेर येतांना आवाज पुष्कळ मंदावला असता. हा स्वर तर मोकळा होता.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्यें होता तो हाच आवाज. पेटीच्या पट्टीशीं तो त्याचा सर्वांत उंच स्वर जुळवून पाहत होता! चार दिवसांनीं त्यानें वहीच्या एका पानावर केलेला हिशेब भीत भीत आमच्या टेबलावर ठेविला. तो असा: पेटीच्या मधल्या सप्तकांतील पांढरी एक म्हणजे सेकंदास सुमारें २६२ कंपनें. वरच्या सप्तकांतील तीच पट्टी दुप्पट, म्हणजे सुमारें ५२४. मोटारीचा स्वर ह्या वरच्या पट्टीस ओलांडून किंचित् पुढें जातो. एका फेऱ्यांत चार स्फोट, म्हणून ५२४ ला चारांनीं भागिलें; सेकंदास १३१ फेरे आले. त्यास साठांनीं गुणिलें. मिनिटास ७,८६० फेरे. स्वर त्याहूनहि थोडा उंच, म्हणून इंजिन आठ हजारांच्या पुढें जात असावें.

त्या पानावर आणखी एक हिशेब होता, पण तो खोडलेला. पहिल्यानें त्यास स्वर खालच्या सप्तकांतील वाटला होता, आणि उत्तर ३,९३० आलें होतें. पेटीवर स्वर जुळवितांना सप्तकाची ही चूक चांगल्या चांगल्यांची होते. सपाट क्रँकशाफ्टमध्यें तर ती अधिकच संभवते, कारण एकेका नळींतील ठोके निम्मेच असतात. परंतु त्यानें खोडलेल्या आंकड्याशेजारीं लिहिलें होतें: "हें खोटें. साधी कॉर्व्हेटसुद्धां ६,६०० पर्यंत जाते." आणि खालीं: "एकाच नळीचा स्वर धरिला तर चारांनीं नव्हे, दोहोंनीं भागावें. मग उत्तर तेंच येतें." आपलें उत्तर आपणच तपासून, खोटें ठरवून, चूक कोठें झाली हेंहि त्यानें शोधिलें होतें. परीक्षेच्या कोणत्याहि उत्तरपत्रिकेंत आम्हांस त्याच्याकडून हें मिळालें नव्हतें, कारण आम्हीं तें कधीं मागितलेंच नव्हतें.

२६ ऑक्टोबर २०२१ रोजीं झेड-०६ प्रकट झाली. इंजिन ५.५ लिटरांचें, व्ही-आठ, क्रँकशाफ्ट सपाट, बत्तीस झडपा, टर्बो नाहीं. ६७० अश्वशक्ति, आणि ती मिनिटास ८,४०० फेऱ्यांवर; कमाल मर्यादा ८,६०० फेऱ्यांची. टर्बोवांचून चालणाऱ्या, विक्रीच्या मोटारींतील व्ही-आठ इंजिनांत इतकी शक्ति पूर्वीं कोणी काढिली नव्हती. सिलिंडराचा व्यास १०४.२५ मिलिमीटर, आणि दट्ट्याची धांव अवघी ८० मिलिमीटर. धांव आंखूड ठेवण्याचें कारण तुम्हीच काढूं शकाल. ८,४०० फेऱ्यांवर दट्ट्या सेकंदांत २८० वेळां वर किंवा खालीं जातो. म्हणजे सरासरीनें तो सेकंदास २२.४ मीटर धांवतो आणि प्रत्येक धांवेच्या शेवटीं पुरता थांबतो! धांव लांब असती तर हाच वेग आणखी वाढून दट्ट्यास व त्याच्या दांड्यास सोसवला नसता.

तर अनुमान करणारे जिंकले. पण किती जिंकले, हेंहि प्रामाणिकपणें पाहिलें पाहिजे. क्रँकशाफ्टची जात, फेऱ्यांची संख्या आणि टर्बोचा अभाव हीं आवाजावरून कळलीं, कारण त्यांचा आवाजाशीं कार्यकारणसंबंध आहे. अश्वशक्तीचा आंकडा मात्र आवाजांत नसतो. एका फेऱ्यास इंजिन किती जोर लावितें, हें स्वर सांगत नाहीं. आणि तें कळल्यावांचून शक्तीचा हिशेब होत नाहीं. म्हणून ज्यांनीं आंकडे सांगितले, त्यांतील जवळचे आणि दूरचे दोन्ही नुसते अदमासच होते. टर्बोवाल्यांची गंमत तर ह्याहून पुढें झाली. जुलै २०२४ मध्यें ह्याच ५.५ लिटरांच्या इंजिनास दोन टर्बो जोडून 'झेडआर-१' नांवाची कॉर्व्हेट निघाली, आणि तिची शक्ति १,०६४ भरली. पण 'मी तेव्हांच म्हटलें होतें' असें म्हणण्याचा हक्क त्यांस पोंचत नाहीं. ते बोलले होते झेड-०६ विषयीं.

येथवर आपण अनुमानाची गोष्ट केली. ज्ञानाचें आणखी एक साधन आहे, तें म्हणजे जाणत्याचा शब्द. खुद्द कारखानदारानेंच इंजिन कोणतें तें सांगितलें, तर मग शंका कशास? ह्याचें उत्तर इंग्लंडमधील एका मोटारीनें दिलें आहे, आणि तें ऐकण्यासारखें आहे.

१९८८ सालीं बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनांत जॅग्वार कंपनीनें 'एक्सजे-२२०' नांवाची मोटार मांडिली. बारा सिलिंडरांचें ६.२ लिटरांचें इंजिन, चारहि चाकांस गति, आणि नांवांतच ताशीं २२० मैलांची आकांक्षा. लोक वेडे झाले. पुढें गाडी विक्रीसाठीं काढण्याचें ठरलें, तेव्हां नांव नोंदविण्यास ५०,००० पौंड अनामत ठेवावी लागे, तरी रांग लागली. परंतु १९९२ सालीं गाड्या ग्राहकांच्या हातीं येऊं लागल्या, तेव्हां त्यांत इंजिन होतें सहा सिलिंडरांचें, ३.५ लिटरांचें, दोन टर्बो लाविलेलें. आणि गति फक्त मागल्या चाकांस. बारा सिलिंडरांचें इंजिन जड व लांब होतें, आणि धुराविषयींचे नवे कायदे त्यास पाळतां येणें कठीण होतें. म्हणून मेट्रो ६आर४ ह्या रॅलीच्या मोटारीसाठीं निघालेल्या इंजिनावरून हें घडविण्यांत आलें होतें. तशांत मंदी आली. पुष्कळांस गाडी नकोशी झाली, आणि कांहींचें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. ३५० गाड्या करण्याचा बेत होता. झाल्या तीनशेंहून कमी.

कंपनीनें प्रदर्शनांत जी गाडी दाखविली ती खोटी नव्हती. ती खरीच होती. पण ती एका संकल्पाचें चित्र होती, आणि पाहणाऱ्यांनीं तिला वस्तुस्थिति मानिलें. जाणत्याचा शब्द भूतकाळाविषयीं असेल तर साक्ष होय. भविष्यकाळाविषयीं असेल तर तो संकल्प होय. साक्षीवर विश्वास ठेवितात. संकल्पाच्या बाबतींत, तो पुरा करण्यास आड काय येईल, हें विचारून घेतात. जड इंजिन आणि कडक कायदे ह्या अडचणी १९८८ सालींहि विचारणाऱ्यास दिसण्यासारख्या होत्या.

ह्या गोष्टीस दुसरीहि बाजू आहे. जें सहा सिलिंडरांचें इंजिन पाहून ग्राहकांनीं नाकें मुरडलीं, त्याची शक्ति ५४२ अश्वशक्ति होती. १९९२ सालींच इटलींतील नार्डो येथील वर्तुळाकार मार्गावर मार्टिन ब्रंडल ह्यांनीं ही गाडी ताशीं २१२ मैलांपलीकडे, म्हणजे सुमारें ३४१ किलोमीटर वेगानें, चालविली. त्या काळीं विक्रीच्या मोटारींत तो उच्चांक होता. म्हणजे सिलिंडर मोजीत बसलेल्यांनीं 'किती आहेत' हें विचारिलें, पण 'काम काय करितात' हें विचारिलें नाहीं. ग्राहकांची तक्रार अन्यायाची होती असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. जें कबूल केलें तें मिळावें ही अपेक्षा रास्तच आहे. बदललेली वस्तु मूळच्याहून चांगली निघाली, तरी कबुली मोडल्याचा दोष त्यानें धुऊन जात नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं बहुतेकांस ह्या मोटारींशीं कर्तव्य पडणार नाहीं. परंतु बातमी, बाजारभाव, नोकरीचीं वचनें, औषधांच्या जाहिराती, परीक्षेंत काय येणार ह्याविषयींच्या वावड्या, ह्या सर्वांत न पाहिलेल्या इंजिनाचाच प्रश्न उभा असतो. तेव्हां कोणी छातीठोकपणें कांहीं सांगूं लागला तर त्यास तीन गोष्टी विचारा. तूं पाहिलेंस काय? ज्यावरून तूं हें म्हणतोस त्याचा ह्या गोष्टीशीं संबंध काय? आणि तुझें म्हणणें खोटें असेल तर तें कशावरून कळेल? तिसऱ्या प्रश्नास ज्याच्याजवळ उत्तर नाहीं, त्याचें म्हणणें खरें ठरलें तरी त्याच्यामागें जाऊं नका.

राहतां राहिली आमची गोष्ट. पेटीजवळ बसलेल्या मुलास आम्हीं न विचारतां दोषी ठरविलें होतें. आम्हीं प्रत्यक्ष पाहिली होती केवळ एक दाबलेली पट्टी; 'खेळ' हें आमचें तर्कट होतें. झेड-०६ प्रकट झाल्यानंतर शाळा भरली तेव्हां आम्हीं तो हिशेब फळ्यावर लिहिला, खोडलेल्या ओळीसकट, आणि सर्व वर्गादेखत त्याची क्षमा मागितली. तो लाजून खालीं पाहूं लागला. मग म्हणाला, "सर, पेटी थोडी उतरलेली आहे. उत्तर पन्नास-शंभर फेऱ्यांनीं चुकत असेल."

पेटी आम्हीं त्याच आठवड्यांत दुरुस्तीस पाठविली. ती खरोखरच उतरलेली होती.